छायाचित्राचा दर चेहरा पाहून ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अठरा वर्षे मी माणसांची पोर्ट्रेट काढण्याचा व्यवसाय करते आहे. दर सांगितल्यावर समोरच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो या काळात मी इतक्या वेळा पाहिला आहे की, पुढचे वाक्य कोणते येणार हे मला बहुधा आधीच कळते. ‘एका तासाच्या कामाचे एवढे पैसे?’, ‘आम्हाला फक्त चारच फोटो हवे आहेत’, ‘दुसरीकडे तर निम्म्यात होते’ ही वाक्ये आमच्या व्यवसायातील प्रत्येकाच्या परिचयाची आहेत, आणि छायाचित्रकार एकत्र जमले की, लोकांना कलेची किंमत नाही, या निष्कर्षावर बोलणे थांबते. मला तो निष्कर्ष मान्य नाही. ग्राहकाला आमच्या दराबद्दल जो अविश्वास वाटतो, त्याचा मोठा भाग आम्हीच निर्माण केला आहे, कारण आमच्यापैकी पुष्कळ जण आजही समोरच्याचा पेहराव, त्याची वाहने आणि त्याची बोलण्याची ढब पाहून दर ठरवतात, आणि त्याने थोडी नाराजी दाखवली की तोच दर खाली आणतात. मीही हे अनेक वर्षे केले आहे, म्हणून हे पत्र दुसऱ्या कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही.

माझे डोळे उघडले ते एका जुन्या ग्राहकामुळे. त्या बाईंनी माझ्याकडून कुटुंबाची छायाचित्रे सलग चार वर्षे काढून घेतली होती. मी सांगितलेली रक्कम त्या एक शब्दही न बोलता देत, ठरल्या वेळेला येत आणि काम झाल्यावर आवर्जून कळवत. त्यांच्याच सांगण्यावरून त्यांची एक मैत्रीण माझ्याकडे आली. या मैत्रिणीने दर ऐकताच हात आखडता घेतला, पुष्कळ घासाघीस केली, आणि हातचे काम जाईल या भीतीने मी तेच काम सुमारे दोन-तृतीयांश रकमेत करून दिले. पुढे दोघींचे बोलणे झाले असणार. जुन्या बाईंनी मला एकदाच, अगदी शांतपणे विचारले, ‘तिचे काम माझ्यापेक्षा कमी होते का?’ मला उत्तर देता आले नाही. त्या भांडल्या नाहीत, कुठे तक्रारही केली नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत, एवढेच. जिने माझ्यावर विश्वास ठेवला तिच्याकडून मी जास्त पैसे घेतले आणि जिने ठेवला नाही तिच्याकडून कमी, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले. सवलत देणे म्हणजे उदारपणा, असे मी तोवर मानत होते. प्रत्यक्षात त्या सवलतीचा भार माझ्या सर्वांत चांगल्या ग्राहकांवर पडत होता.

त्यानंतर मी पहिल्यांदा बसून हिशेब केला. तो येथे थोडा तपशिलात मांडते, कारण ग्राहकांना तो कोणी सांगत नाही आणि छायाचित्रकारांपैकीही थोडेच तो करतात. एक तासाच्या पोर्ट्रेटसाठी ग्राहकाशी आधी होणारे बोलणे (छायाचित्र कशासाठी हवे, कपडे कोणते, जागा कोणती, चष्मा ठेवायचा की काढायचा) अर्धा तास घेते. दिवे, सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) आणि पार्श्वभूमी उभी करून प्रकाश तपासायला आणि नंतर सगळे आवरायला दीड तास जातो. प्रत्यक्ष चित्रण एक तासाचे. मग फाइली संगणकावर उतरवून त्यांच्या दोन वेगळ्या प्रती करणे, दोन-अडीचशे छायाचित्रांतून वीस निवडणे, त्यांचा रंग आणि उजेड सारखा करणे, आणि ग्राहकाने पसंत केलेल्या आठ-दहा छायाचित्रांचे रिटचिंग करणे, ही कामे येतात. चांगले रिटचिंग म्हणजे चेहरा गुळगुळीत करणे नव्हे. आज आलेली पुटकुळी काढायची, पण जन्मापासूनचा तीळ ठेवायचा. डोळ्यांखालची सावली हलकी करायची, पण वय पुसायचे नाही. यासाठी एका छायाचित्राला वीस ते तीस मिनिटे सहज लागतात. शेवटी प्रिंट तपासणे, पाठवणे आणि एखादी दुरुस्ती करून देणे. सगळे मिळून दहा तास होतात. ग्राहकाला त्यातला एकच तास दिसतो, आणि तो दराला एकाने भागतो. यात त्याची चूक नाही, कारण उरलेले नऊ तास त्याला कोणी दाखवलेलेच नसतात.

आता वर्षाचे गणित. बावन्न आठवड्यांतून आजारपण, सुट्या आणि काम न मिळालेले दिवस वजा केले तर शेहेचाळीस आठवडे उरतात असे धरू. आठवड्याला सरासरी दोन कामे मिळाली आणि काही ऐनवेळी रद्द झाली, तर वर्षाला चौऱ्याऐंशी कामे होतात. कॅमेरा, भिंगे आणि दिवे यांचा घसारा, संगणक व हार्ड डिस्क, सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, विमा, जागेचे भाडे, वीज, दुरुस्ती आणि कर हा सारा खर्च अडुसष्ट भाग आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी शंभर भाग लागतात, असे समजा. एकूण एकशे अडुसष्ट भाग चौऱ्याऐंशी कामांवर वाटले की प्रत्येक कामाचा दर दोन भाग येतो. आता यातल्या निम्म्या, म्हणजे बेचाळीस ग्राहकांना पाव रक्कम सोडून दिली तर काय होते? प्रत्येक कामामागे अर्धा भाग, म्हणजे वर्षाला एकवीस भाग कमी होतात. भाडे, विमा आणि विजेचे बिल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. ते एकवीस भाग छायाचित्रकाराच्या शंभरातून जातात. ‘थोडीशी सवलत’ म्हणून जे सोडून दिले, ते वर्षाच्या शेवटी स्वतःच्या कमाईच्या एक-पंचमांशाहून अधिक ठरते. व्यवसायात नवीन आलेल्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे की, शेजारच्या छायाचित्रकाराचा दर पाहून त्यातून थोडे कमी करून आपला दर ठरवू नका. त्या शेजाऱ्याने तरी कोणता हिशेब केला आहे, हे तुम्हाला कोठे ठाऊक आहे?

दर कमी होऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ते कमी होण्याची योग्य रीत छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. १८३९ साली जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटत असे आणि त्याच्या प्रती काढता येत नसत, त्यामुळे प्रत्येक पोर्ट्रेट हे संपूर्ण, स्वतंत्र काम असे. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटी पोर्ट्रेट घेण्याची पद्धत पेटंट केली. ती काच एकदाच छापायची, कागद कापायचा आणि तुकडे व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवायचे. एका छायाचित्रामागे लागणारा माल आणि वेळ खरोखर कमी झाला, म्हणून किंमत उतरली आणि ज्यांना पूर्वी पोर्ट्रेट परवडत नसे अशा असंख्य लोकांच्या घरी ते पोहोचले. कोणा ग्राहकाने नाक मुरडले म्हणून ती किंमत उतरली नव्हती. कामाची रीत बदलली होती. स्वस्त छायाचित्र द्यायचे तर काम कमी करून द्यावे, हा धडा मी तेथून घेतला आहे आणि पुढे सांगितलेली माझी पद्धत त्यावरच उभी आहे.

त्याआधी दोन आक्षेपांविषयी लिहायला हवे, कारण ते प्रामाणिकपणे घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, आता फिल्मचा रोल लागत नाही, त्याची धुलाई नाही, मग खर्च कसला? रोलवर छत्तीस छायाचित्रे असत आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे खर्च होत, हे खरे आहे. तो खर्च गेला, पण त्याच्या जागी वेळ आला. छत्तीसातून निवड करणे आणि अडीचशेतून करणे यांत फरक आहे, आणि पूर्वी जी प्रयोगशाळा रंग सांभाळत असे तिचे काम आता छायाचित्रकारच रात्री संगणकासमोर बसून करतो. कोडॅकने १८८८ साली शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेला कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू’ असे त्यांचे घोषवाक्य होते. शंभर छायाचित्रे झाली की ग्राहक संपूर्ण कॅमेराच कारखान्याकडे पाठवत असे. त्या घोषवाक्यातले ‘बाकीचे’ म्हणजेच ज्याचे पैसे आम्ही मागतो ते काम आहे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. मोबाइलवर उत्तम छायाचित्रे निघतात, आणि ज्याला तेवढे पुरेसे आहे त्याने छायाचित्रकाराकडे जाऊ नये असे मी स्वतः सांगते. मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. हातभर अंतरावरून चेहऱ्याचे छायाचित्र घेतले तर नाकाचे टोक कॅमेऱ्यापासून चाळीस सेंटिमीटरवर आणि कान साधारण बावन्न सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे कानाच्या मानाने नाक सुमारे तीस टक्के मोठे दिसते. तेच छायाचित्र दोन मीटरवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतले तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो. ‘माझे फोटो चांगले येत नाहीत’ असे म्हणणाऱ्या कित्येकांचा चेहरा उत्तम असतो, फक्त तो फार जवळून पाहिलेला असतो. अंतर किती ठेवायचे, उजेड कोणत्या बाजूने आणायचा, खांदा किती वळवायचा, आणि बुजलेल्या माणसाला कोणत्या गोष्टीवर बोलते करायचे, या जाणकारीसाठी ग्राहक पैसे देतो. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात लिहिता येत नाही याची मला नेहमी खंत वाटते.

आता प्रत्यक्ष दर सांगण्याच्या क्षणाबद्दल. आम्हा छायाचित्रकारांची सर्वांत मोठी चूक या क्षणी होते. आम्ही रक्कम सांगतो, समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते, आणि ती शांतता सहन न होऊन आम्हीच म्हणतो, ‘पण आपण काहीतरी जमवून घेऊ.’ ग्राहकाने अजून काहीही मागितलेले नसते. तो कदाचित मनात हिशेब करत असतो किंवा घरी कोणाला विचारावे याचा विचार करत असतो. आमच्या त्या एका वाक्यातून त्याला कळते की, सांगितलेला आकडा खरा नव्हता. तेथून पुढे त्याने घासाघीस केली नाही तरच नवल. रक्कम सांगून शांत बसणे शिकायला मला दोन वर्षे लागली. आता मी रक्कम सांगते, त्यात काय काय येते ते सांगते आणि थांबते. पुष्कळदा ती शांतता ‘ठीक आहे, तारीख कोणती देता?’ या प्रश्नाने संपते.

ज्या वेळी ग्राहक स्पष्टपणे म्हणतो की रक्कम जास्त आहे, त्या वेळी मी प्रथम विचारते की, त्यांच्या मनात किती होती. हा प्रश्न दुखावण्यासाठी नसतो. उत्तर आकड्यात आले तर मी त्या आकड्यात बसेल असे काम सुचवते: एक तासाऐवजी पंचवीस मिनिटे, दोन पोशाखांऐवजी एक, दहाऐवजी तीन तयार छायाचित्रे, जागेवर जाण्याऐवजी स्टुडिओत, अल्बमऐवजी फक्त फाइली. यात माझ्या एका तासाची किंमत बदलत नाही, कामाचे आकारमान बदलते. ग्राहकाला नाकारल्यासारखे वाटत नाही आणि पूर्ण रक्कम भरणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला फसवल्यासारखे होत नाही. कित्येक जण ही यादी पाहून स्वतःच म्हणतात की, आम्हाला खरे तर तीनच छायाचित्रे हवी होती. त्यांना नको असलेल्या सात छायाचित्रांचे पैसे मी पूर्वी त्यांच्याकडून मागत होते, हेही मला याच रीतीमुळे कळले.

काही मागण्या मात्र मी मान्य करत नाही. ‘या वेळी कमी घ्या, पुढे भरपूर कामे देऊ’ हे आश्वासन त्यांपैकी एक. पुढची कामे खरोखरच येणार असतील तर तिसऱ्या कामावर सवलत देण्याची माझी तयारी असते आणि ती मी लिहूनही देते. ज्याला पुढे यायचे आहे तो हे आनंदाने स्वीकारतो. दुसरी मागणी म्हणजे ‘एडिटिंग नको, सगळ्या मूळ फाइली द्या आणि दर कमी करा.’ शिंप्याकडे कच्चे टाके घातलेला अंगरखा पहिल्या मापासाठी असतो, तो कोणी घालून समारंभाला जात नाही. अर्धवट काम माझ्या नावाने लोकांसमोर जाणे मला मान्य नाही, आणि मिटलेल्या डोळ्यांची शंभर छायाचित्रे हाती पडल्याने ग्राहकाचेही भले होत नाही. अशा वेळी मी नम्रपणे नकार देते. तो ग्राहक दुसरीकडे जातो, आणि मी त्याला मनापासून शुभेच्छा देते. प्रत्येक ग्राहक आपलाच असला पाहिजे, हा हट्ट सोडल्याशिवाय या व्यवसायात मनःशांती नाही.

ज्यांना खरोखर परवडत नाही, त्यांचा प्रश्न निराळा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. आजारी आईचे एक तरी चांगले छायाचित्र असावे म्हणून आलेल्या मुलाशी दरावर बोलणे माझ्याच्याने होत नाही. अशा कामांसाठी मी वर्षाचे काही दिवस वेगळे ठेवले आहेत आणि त्या दिवशीचे काम विनामूल्य असते. अर्ध्या दरात नसते. पावतीवर पूर्ण रक्कम आणि त्यापुढे पूर्ण सूट, असे दोन्ही आकडे मी लिहिते. अर्धा दर घेतला की देणाऱ्याला उपकाराचे ओझे होते आणि घेणाऱ्याच्या कामात नकळत कसूर होते, असा माझा अनुभव आहे. द्यायचे तर मोकळ्या हाताने द्यावे, आणि ते कोणाला द्यायचे हे आपण ठरवावे, ते सर्वांत जास्त घासाघीस करणाऱ्याच्या हाती सोडू नये.

हे सारे साधायचे तर दर आधी जाहीर करणे अपरिहार्य आहे. ‘भेटल्यावर सांगतो’ हे उत्तर ग्राहकाच्या मनात शंका उत्पन्न करते, आणि ती शंका रास्त असते. निदान सर्वांत लहान कामाचा दर सर्वांना दिसेल असा असावा. काम ठरले की तयार छायाचित्रे किती, ती कधी मिळणार, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती आणि तारीख बदलल्यास तिचे काय, छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरायची असल्यास वेगळी आकारणी आहे का, आणि मूळ फाइली छायाचित्रकार किती काळ सांभाळणार, हे एका पानावर लिहून दोघांनी त्यावर सही करावी. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी हे पान नव्हते त्या काळातील आहेत.

ग्राहकांनाही माझे एक सांगणे आहे. दोन छायाचित्रकारांच्या दरांची तुलना जरूर करावी, तो आपला हक्क आहे. परंतु नुसत्या आकड्याशेजारी आकडा ठेवू नये. तयार छायाचित्रे किती, रिटचिंग त्यात धरले आहे की वेगळे, प्रिंट धरले आहेत का, हे विचारावे. मोठा प्रिंट हवा असेल तर फाइलचा आकार विचारावा, कारण आठ बाय दहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात आणि स्वस्तात दिलेल्या फाइली कधीकधी फक्त पडद्यावर पाहण्यापुरत्या असतात. बजेट कमी असेल तर तसे सरळ सांगावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, आणि चांगला छायाचित्रकार त्या रकमेत काय होऊ शकेल हे प्रामाणिकपणे सांगेल. ‘तुम्ही फार महाग आहात’ या वाक्यानंतर बोलणे खुंटते. ‘माझ्याकडे एवढेच आहेत’ म्हटले की ते पुढे जाऊ शकते.

गेल्या वर्षी मी त्या जुन्या बाईंना पत्र लिहिले, झालेला प्रकार कबूल केला आणि त्यांच्या मैत्रिणीच्या दरातील व त्यांच्या दरातील त्या वर्षीचा फरक त्यांना परत पाठवला. त्यांनी तो स्वीकारल्याचे दोन ओळींत कळवले आणि सोबत माझे नवे दरपत्रक मागवून घेतले. मी ते त्यांना पाठवले आहे. त्यावरचे आकडे इतर सर्वांना दाखवते तेच आहेत.

आपली विश्वासू,
एक व्यक्तिचित्र छायाचित्रकार